तरुणांच्या अर्धांगवायूत हृदयही तपासा

संपादक महोदय,

चाळिशीच्या आतल्या माणसाला अर्धांगवायू झाला, की आपल्याकडे मेंदूचा सीटी स्कॅन, रक्तदाब आणि साखर यांवरच तपास बऱ्याचदा थांबतो. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधले गर्भावस्थेतले छिद्र सुमारे 25 टक्के प्रौढांत पुरते बुजलेले नसते. बहुतेकांना त्याचा कधीच त्रास होत नाही. पण पायातली रक्ताची गुठळी त्यातून हृदयाच्या डाव्या बाजूला गेली, तर ती मेंदूपर्यंत पोचू शकते. साध्या टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत), रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या कलर डॉप्लरमध्येही हे छिद्र निसटू शकते. म्हणून सलाईन किंचित हवेसह दोन सिरिंजमधून घुसळून हाताच्या शिरेत देतात आणि त्यातले बुडबुडे इकोत पाहतात. एरवी हे सूक्ष्म बुडबुडे फुफ्फुसात गाळले जातात. ते हृदयाच्या उजव्या कप्प्यात आल्यापासून तीन ठोक्यांच्या आत डाव्या कप्प्यात दिसले, तर वाट हृदयातच असण्याची शक्यता मोठी. बरेच उशिरा दिसले, तर संशय फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांवर. रुग्णाला कुंथून सोडायला सांगितले, की लपलेली वाटही उघडी पडते.

इकोचे यंत्र तेच, सलाईन स्वस्त. हवा तो शिकलेला हात. हिंगोली, बीड, धाराशिवच्या रुग्णाला यासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागू नये. आरोग्य विभागाने मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक दिवस तरी या तपासणीसाठी ठरवावा.

– एक वाचक, परभणी