तात्या, तुमचं नाव न लिहिता

ती. तात्या,
शि. सा. नमस्कार.

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात आभारांची दोन पानं आहेत. मार्गदर्शक, प्राचार्य, कारखान्याचे मालक, पर्सोनेल ऑफिसर, आकडेमोड तपासून देणारे सर, टायपिंगवाला मुलगा, सगळे आहेत. तुम्ही नाही. "माझं नाव कुटं घालू नका, अजून सा वर्सं नोकरी ऱ्हायलीया," असं तुम्ही बजावलं होतंत. तुम्ही निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी दिलेला शब्द म्हणून आजही नाव घालत नाही. पण मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवण्यात आणि त्यातलं संशोधन करण्यात माझी इतकी वर्षं गेली, आणि त्या कामाची खरी सुरुवात तुमच्यापासून झाली, हे कुठेतरी उघडपणे लिहिलेलं असायला हवं.

२००९ साल होतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना. कामगारांची बांधिलकी आणि गैरहजेरी हा माझा विषय. मायर आणि ॲलन यांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार मांडले होते: माणूस नोकरीत टिकतो तो आपुलकीने, किंवा सोडलं तर नुकसान होईल म्हणून, किंवा सोडणं योग्य वाटत नाही म्हणून. त्यावरून मी मराठीत प्रश्नावली केली. प्रत्येक वाक्यापुढे 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत पाच चौकोन, लायकर्टने १९३२ मध्ये घालून दिलेल्या रीतीने. ऑफिसरसाहेबांनी पगाराच्या स्लिपांबरोबर फॉर्म वाटले आणि दोन दिवसांत गोळा करून दिले. जवळजवळ सगळ्या खुणा चौथ्या-पाचव्या चौकोनात. उत्तरांचा आपसात मेळ किती हे सांगणारा क्रॉनबॅक अल्फा ०.९ च्या वर. मी त्या संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं होतं की काम फत्ते झालं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तुम्ही गेटबाहेरच्या टपरीवर मला हाक मारलीत. मोल्डिंगचे मिस्त्री तुम्ही, नखांत काळी वाळू, हातात माझा कोरा फॉर्म. "म्याडम, समद्यांनी एकच उत्तर दिलंय म्हंजे कुणीच उत्तर दिल्यालं न्हाई. वर नाव आन टोकन नंबर लिवून घ्येतलाय तुमी. पगाराच्या कागदासंगं आल्याला कागूद हाय ह्यो. त्यावर कोण खरं लिवंल?"

मग तुम्ही पहिलं वाक्य वाचलंत, 'मला माझ्या संस्थेबद्दल जिव्हाळा वाटतो', आणि विचारलंत, "कंची संस्था? दुधाची का पतसंस्था?"

तुम्ही मनापासून विचारत होतात. आपल्या जिल्ह्यात गावाकडच्या माणसाला संस्था म्हटलं की दूध संस्था, सेवा संस्था, पतसंस्थाच आठवणार. फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या खात्यातल्या, एका पोराने तर दिवाळीला दूध संस्थेकडून दुधाचा फरक चांगला मिळाला होता म्हणून 'पूर्ण सहमत'वर खूण केली होती, हे तुम्हीच मला सांगितलंत. आणि तात्या, मी भाषांतर तपासून घेतलं होतं! ब्रिस्लिनने १९७० मध्ये सांगितल्याप्रमाणे मराठी प्रश्न दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घेतले होते. 'संस्था'चं परत 'ऑर्गनायझेशन' झालं, अगदी बरोबर. शब्द तपासणीत पास झाला होता. तो कारखान्याच्या गेटच्या आत कुणाचाच नव्हता, हे नुसत्या उलट भाषांतरातून कळणार नव्हतं.

पुढचे चार सुट्टीचे दिवस तुम्ही मला दिलेत. घरी जनावरं होती, वैरणीची कामं होती, तरी दिलेत. 'संस्था' जाऊन 'आपला कारखाना' आला. जिव्हाळ्याच्या जागी तुम्ही सुचवलेलं वाक्य आलं: 'गावात कुणी विचारलं तर मी या कारखान्यात आहे हे अभिमानानं सांगतो.' तेच वाक्य मी आजवर दरवेळी वापरत आले आहे. नावाचा रकाना गेला. फॉर्म टाकायला तुम्ही टपरीवर पत्र्याचा डबा ठेवलात, झाकणाला चीर पाडून, कुलूप लावून, आणि किल्ली माझ्याकडे दिलीत. यावेळी खुणा पाचही चौकोनांत पसरल्या. अल्फा उतरला आणि मला पहिल्यांदा माणसं दिसायला लागली.

गैरहजेरीचंही तसंच. मस्टरमध्ये काही आठवड्यांत दांड्या का वाढतात, याचं उत्तर मी बांधिलकीत शोधत होते. तुम्ही म्हणालात, शेतीची लाईट कधी रात्रीची असते ते बघा. रात्रभर उसाला पाणी पाजून माणूस सकाळी सातला भट्टीपुढे कसा उभा राहणार?

आणखी एक सांगायचं राहिलंय. जास्त साचे काढणाऱ्या नव्या पोराला जुने लोक दम का देतात, असं मी विचारलं होतं. "आज जास्त काढलं की उद्या रेट कापत्यात," इतकंच तुम्ही म्हणालात. नंतर मी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातला अभ्यास पुन्हा वाचला. १९३१-३२ मध्ये तिथे तारा जोडणाऱ्या खोलीतल्या चौदा कामगारांवर लक्ष ठेवलं होतं. दिवसाचं योग्य काम किती हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं, आणि कुणी जास्त केलं की त्याच्या दंडावर ठोसा. भीती तीच, रेट म्हणजे नगामागचा दर कापण्याची. परीक्षेसाठी तो धडा मी तीनदा वाचला होता. तुमच्यानंतर वाचला तेव्हा ती खोली मला शिरोलीतली वाटली.

आता माझी एक विद्यार्थिनी बिहार-ओडिशातून आलेल्या कंत्राटी कामगारांवर काम करते आहे. मागच्या आठवड्यात तिने हिंदी प्रश्नावली आणली. पहिल्याच ओळीत 'संगठन'. मी तिला विचारलं, कामगार हे वाचून काय समजेल? ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "युनियन?" तेव्हा तुमची फार आठवण झाली, म्हणून हे पत्र.

ती आता रोज दुपारी त्याच टपरीवर बसते. टपरी त्या मालकाचा मुलगा चालवतो. त्या कामगारांत तुमच्यासारखं कुणी तिला अजून भेटलेलं नाही, आणि असा माणूस ओळखायचा कसा हे मला शिकवता येत नाही. भाताची लावण उरकली की एक दिवस याल का? न्यायला मी स्वतः गावात येते.

काकींना नमस्कार.

तुमची,
फॉर्मवाली पोरगी