नानांचा तो फोटो

प्रिय मंद्या,

इतके दिवस पत्र नाही, तेव्हा शिव्या आधीच घालून घे आणि मग पुढं वाच. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच.

नानांचा गच्चीवरचा फोटो आठवतो? लाल खुर्ची, मागं वाळत घातलेली हिरवी चादर, डावीकडं तोंड वेंगाडलेला तू, आणि तुझ्या पाचकळ विनोदावर हसू दाबणारे नाना. तो परवा क्रॉप करायला घेतला. आधी तू गेलास (मनावर घेऊ नकोस), मग खुर्चीचा हात, मग नानांचं अर्धं कपाळसुद्धा. तरी चादर डोळ्यांत खुपत होती, म्हणून रंगच काढले. खुर्ची आणि चादर, दोन्हींचा उजेड सारखाच निघाला. एकाच राखाडीत विरघळली. मूळच्या नारिंगीचा उजेड ठरवणारा स्लायडर खाली ओढला तशी कातडी काळवंडली आणि सुरकुती न् सुरकुती वर आली. आणि दाबलेलं हसू? त्याचे आवळलेले ओठ झाले! विनोद करणाराच चौकटीत नाही म्हटल्यावर उरला तो कुठंतरी दूर बघणारा, आतून खचलेला म्हातारा.

फोटो झालाय मात्र फर्मास, हीच पंचाईत. वहिनी बघतच राहिली. म्हणाली, "शेवटी शेवटी नाना असेच झाले होते." असतील, पण त्या दुपारी नव्हते ना रे! हे आता तुला आणि मलाच माहीत. हाच मोठा करून भिंतीवर लावायचं ठरतंय. म्हटलं, २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम तीन उरलेत, फुटेल. तर म्हणे, दाणे छान दिसतात, जुना वाटतो. घ्या!

तू आता तुझा तो फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ काढशील, फोटो कापणं म्हणजे लबाडी वगैरे. त्याचा १९३२ चा, डबक्यावरून उडी मारणारा माणूस कापलेलाच आहे, हे तू अजून कबूल केलेलं नाहीस. कुंपणाच्या फटीतून काढला, कडेला फळी आली, ती छाटली. पण फळीच ती, तिच्यामुळं कुणी उडी मारत नव्हतं. क्युबाचा फोटोग्राफर कोर्डा, त्यानं १९६० मध्ये टिपलेल्या क्रांतिकारक चे गव्हेराच्या एका बाजूचा माणूस आणि दुसऱ्या बाजूची झाडाची पानं गेली, तरी चे उभा होता तो दुखवट्याच्याच सभेत. चेहऱ्यावरचं जे होतं ते तिथलंच होतं. नानांचं दुःख मात्र मी स्लायडरवर केलंय, आणि चार दिवसांत घरातले सगळे ते आठवायलाही लागलेत. धाकटी तर नानांच्या एकटेपणावर बोलत होती. कॅरम खेळताना सोंगट्या लपवणाऱ्या नानांच्या!

तुझी बदली झाली म्हणे? लेकीच्या निकालाचं कळलं, शाबास सांग तिला. बाकी फोनवर.

रंगीत फोटो वहिनीला अजून दाखवलेला नाही. दाखवू का, तेवढं लगेच कळव. आणि लावायची वेळ आली, तर तुझं ते तोंड भिंतीवर चालेल का, तेही.

तुझा,
नित्या