मलप्रभेच्या काठाकाठानं

बेळगाव, डिसेंबरअखेर

प्रिय बाळू,

तुझी सीट सौंदत्तीपर्यंत रिकामी ठेवली होती. नंतर तिच्यावर कांद्याचं पोतं बसलं. ते तुझ्यापेक्षा कमी बोलतं, एवढाच फायदा.

दहावीच्या सुट्टीत खानापूरच्या पुलावर पाय सोडून बसलेलो आपण, आठवतं? ही मलप्रभा पुढं जाते तरी कुठं ते बघायचं, असं ठरलेलं. त्यासाठी पन्नाशी उलटावी लागली. आम्ही नऊजण, भाड्याची क्रूझर आणि मावशीच्या शेंगाचटणीचे दोन डबे.

कणकुंबीला पहाटे पोचलो. उगमापाशी धुकं एवढं, की नदी दिसायच्या आधी थंडीच भेटली. मग जांबोटीचं रान उतरून हलशी. ही कदंब राजांची पलाशिका, त्यांची दुसरी राजधानी. भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मधे उभं राहिलं की पाठ कुठल्या देवाला करायची हा पेच. मी आपला आडवा उभा राहिलो.

देगावचं कमलनारायण धावतपळत बघितलं, ती चूकच झाली. त्या कोरीवकामाला अर्धा दिवस द्यायला हवा होता.

सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला नदी डोंगराच्या खिंडीतून निसटते. तिथंच धरण बांधलंय. पलीकडं मुलूखच वेगळा. झाडी गेली, तांबडी माती गेली, नजर पोचेल तिथवर काळी रानं आणि ज्वारी. बदामीच्या अलीकडं ड्रायव्हर म्हणाला, "शॉर्टकट हाय की." आदल्या रात्री अवकाळी पाऊस झालेला. बाळू, ती काळी माती नुसती चिकटत नाही रे, चढते. चपलेला एक थर, त्यावर दुसरा. दहा पावलांत मी चार बोटं उंच झालो आणि एक चप्पल तिथंच राहिली. गाडी पाट्यांपर्यंत रुतली. नऊ कारभारी, बावीस सल्ले. शेवटी शेतातल्या एका आज्जीनं नातवाला ट्रॅक्टर घेऊन पाठवलं. पैसे पुढं केले तर रागावली, आणि "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का?) म्हणत फडकं सोडलं. कडक भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी. माझं कन्नड तुला ठाऊक आहे. "आगिल्री" (नाही झालं) एवढंच अचूक म्हणालो, तेवढ्यावर पोटभर जेवलो.

पट्टदकल्लला नदी चक्क उत्तरेला वळते. चालुक्य राजा विक्रमादित्य दुसरा कांची जिंकून आला म्हणून राणी लोकमहादेवीनं आठव्या शतकात विरूपाक्षाचं देऊळ बांधवलं. दक्षिणी धाटणीच्या शिखरांच्या (विमानांच्या) शेजारी उत्तरेकडची नागर शिखरं, एकाच आवारात, एकाच तांबूस दगडात. नदीकडच्या दारानं उतरून पाण्यात पाय बुडवले. पाणी खानापूरचंच.

ऐहोळेला मात्र मेगुती टेकडीवरून मला ओढून न्यावं लागलं. तिथल्या जैन देवळाच्या भिंतीवर रविकीर्तीचा इ.स. 634 चा लेख आहे. राजा बदामीचा पुलकेशी, लिपी जुनी कन्नड, भाषा संस्कृत, आणि मजकुरात तीन महाराष्ट्रकं, म्हणजे महाराष्ट्राचे तीन भाग, त्यांची 99,000 गावं! मी हे मोठ्यानं सांगितल्यावर आमच्यातला एकजण म्हणाला, "त्यात बेळगाव धरलंय का बघ की." सगळे खो खो हसले. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

पुढं कूडलसंगमाला मलप्रभा कृष्णेला मिळते. तेवढं मुद्दाम ठेवलंय, तिथं तुझ्याशिवाय जायचं नाही. संक्रांत झाली की ये. वहिनींना नमस्कार सांग, आणि येताना चपला जुन्या आण.

तुझाच,
दादू