बाबा, दोन्हींवर ४०७० लिहिलंय, पण कार्ड एक नाही

प्रिय आई, बाबा,

काल फोनवर मला नीट सांगता आलं नाही, दादा मधेच बोलत होता, मग सगळेच एकदम बोलायला लागले, म्हणून लिहूनच पाठवते, सावकाश वाचा. बाबांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट साफ करायला दादाने बघून ठेवलेल्या लॅपटॉपवर आरटीएक्स ४०७० (एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड) लिहिलंय, आणि बाबा तुमचं म्हणणं असं की डेस्कटॉपमध्ये टाकायचं ठरवलेलं कार्डसुद्धा ४०७०च आहे, मग लॅपटॉपच घेऊया ना, उचलून कुठेही नेता येईल. तेवढंच जरा थांबा. नाव एक आहे, वस्तू वेगळी आहे.

डेस्कटॉपच्या ४०७०मध्ये एडी१०४ नावाची चिप असते, ५,८८८ कुडा कोअर (चिपमधले हिशोब करणारे छोटे भाग), १२ जीबी मेमरी आणि २०० वॉटपर्यंत वीज. लॅपटॉपच्या ४०७०मध्ये त्याच्याहून लहान एडी१०६ चिप, ४,६०८ कोअर आणि ८ जीबी मेमरी. मेमरीकडे जाणारा रस्तासुद्धा १९२ बिटचा १२८ बिट होतो, म्हणजे सेकंदाला ५०४ जीबी डेटा जायचा तिथे २५६ जीबी जातो, जवळजवळ निम्मा. आणि वीज ३५ ते ११५ वॉट. या ३५ ते ११५ कडे नीट बघा, कारण लॅपटॉप बनवणारी कंपनी यातला कुठलाही आकडा निवडू शकते आणि बाहेर स्टिकर तोच राहतो, ४०७०.

हे मला अनुभवातून कळलंय. २०२१मध्ये मी जो पातळ लॅपटॉप घेतला त्यात ३०७० होतं, विकणाऱ्याने वॉटचा विषयच काढला नाही आणि मलाही विचारायचं माहीत नव्हतं. ते ८० वॉटचं निघालं. ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या जाड लॅपटॉपमध्ये ३०६०, म्हणजे एक नंबर खालचं, पण ११५ वॉटचं, आणि रेंडर (तयार चित्र काढायचं काम) लावला की आम्ही दोघी जवळजवळ बरोबरीने संपवायचो. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कितीतरी महिने पैसे साठवून घेतला होता तो. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये एवढंच मला वाटतं.

पूर्वी लॅपटॉपच्या कार्डाला शेवटी एम लावायचे, ९८०एम वगैरे, त्यामुळे वेगळं आहे ते लगेच कळायचं. २०१६मध्ये १०८० आलं तेव्हा लॅपटॉपमध्येसुद्धा डेस्कटॉपइतकेच २,५६० कोअर होते, म्हणून एनव्हिडियाने एम काढला आणि तेव्हा ते बरोबरच होतं. नंतर वरच्या कार्डांच्या चिप परत वेगळ्या होत गेल्या, एम काही परत आला नाही. आता कागदावर पुढे "लॅपटॉप जीपीयू" (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप) असं लिहिलेलं असतं पण बोलताना ते गळून जातं. वर जाल तसा फरक वाढत जातो, डेस्कटॉपच्या ४०९०मध्ये १६,३८४ कोअर आणि लॅपटॉपच्या ४०९०मध्ये ९,७२८, जे डेस्कटॉपच्या ४०८०इतके आहेत. खाली मात्र उलटं, ४०६०मध्ये दोन्हीकडे तीच चिप, तेच ३,०७२ कोअर, तीच ८ जीबी, त्यामुळे पूर्ण ११५ वॉटचा लॅपटॉप असेल तर डेस्कटॉपच्या बराच जवळ जातो. म्हणून लॅपटॉप म्हणजे वाईटच असं मी अजिबात म्हणत नाहीये.

आणि २०० वॉट म्हणून ११५च्या दुप्पट स्पीड असंही नसतं हं बाबा, शेवटचा थोडासा वेग काढायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते. खरा प्रश्न उष्णतेचा आहे. डेस्कटॉपच्या कार्डाला स्वतःचा मोठा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि स्वतःचे पंखे असतात, लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून बहुतेक वेळा उष्णता वाहून नेणाऱ्या त्याच नळ्यांवर गार व्हायचं असतं. पहिली पाच मिनिटं छान पळतो, मग तापला की वेग खाली. गेम खेळणाऱ्याला ते चालतंही, पण तुमचं काम पाच मिनिटांचं नाहीये ना. तुमच्या जुन्या कॅसेट म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम (एकेक चित्र), एका तासाच्या ९०,००० फ्रेम, आणि साफ करून मोठं करायचं तर प्रत्येक फ्रेम कार्डातून जाणार. समजा एक कार्ड सेकंदाला १० फ्रेम काढतं तर अडीच तास, दुसरं ६ काढतं तर चार तासांच्या वर, आणि तुमच्याकडे अशा कॅसेटी भरपूर आहेत. त्यात या कामाला मेमरी लागते, ८ जीबी भरली की सगळं एकदम रखडतं, तिथे १२ जीबी खरंच उपयोगी पडते.

आई, आता तुझं. तू फोनवर हळूच म्हणालीस की हे दिवसभर आतल्या खोलीत बसलेले असतात, लॅपटॉप असला तर बाहेर तरी येतील. मला ते रात्रभर आठवत होतं. पण हे काम लॅपटॉपवर लावलं तर त्याचे पंखे इतके ओरडतील की तुझा रेडिओ ऐकू येणार नाही, आणि बॅटरीवर ग्राफिक्सला पूर्ण वीज मिळतच नाही, म्हणजे तेव्हाही ते प्लगशेजारीच अडकणार.

त्यापेक्षा असं करूया का? कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेला व्हिडिओ ७२० बाय ५७६चा, अगदी हलका, तो कापायला जोडायला आपला जुना लॅपटॉपसुद्धा पुरेसा आहे. बाबा बाहेर तुझ्याजवळ बसून कापतील, कोण कोण आहे ते तू ओळखून सांगशील (बाबांना निम्मे चेहरे आठवत नाहीत, तुला सगळे आठवतात), आणि ठेवायचे तेवढेच तुकडे रात्री आतल्या डेस्कटॉपवर साफ करायला लावायचे. आधी कापायचं मग मोठं करायचं, म्हणजे नको असलेल्या फ्रेमवर वेळ जात नाही. पुढे कार्ड कमी पडलं तर डेस्कटॉपमध्ये बदलता येतं, लॅपटॉपचं बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं.

दादाला तरीही लॅपटॉपच बरा वाटत असेल तर त्याला सांगा, घेण्याआधी चालू करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघड आणि मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर किती वॉट लिहिलंय ते बघ.

बाबा, कॅबिनेट उघडून तीन गोष्टी बघाल का, आधी प्लग काढा. पॉवर सप्लायच्या स्टिकरवर किती वॉट आहे (४०७०साठी ६५० सांगतात), ८ पिनच्या मोकळ्या वायर किती आहेत, आणि कार्ड बसतं तिथपासून पुढच्या पंख्यापर्यंत किती मिलिमीटर जागा आहे. फोटो काढून पाठवलेत तरी चालेल, आईला टॉर्च धरायला सांगा, वाकून बसू नका फार वेळ, कंबर आत्ताच बरी झालीय.

तुमची,
लेक