डिस्क रिकामी दिसली की लगेच फॉरमॅट कशाला?

संपादक साहेब, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायला घेतलं की जीपार्टेड (डिस्कचे भाग पाडायचं टूल) कधीकधी अख्खी डिस्क 'अनअलोकेटेड', म्हणजे भाग न पाडलेली, रिकामी दाखवतं, तिकडे विंडोज मात्र मस्त चालू, सी डी ई सगळे ड्राइव्ह जागेवर, तरी आमच्या इथला रिपेरवाला सरळ म्हणतो डेटा गेला, फॉरमॅट मारा. अहो, आधी बघा तरी! बऱ्याचदा डिस्कवरच्या भागांची यादी (पार्टिशन टेबल) पूर्वी जीपीटी या नव्या पद्धतीची असते, नंतर कोणीतरी एमबीआर या जुन्या पद्धतीची केलेली, पण जीपीटीची बॅकअप कॉपी डिस्कच्या अगदी शेवटी तशीच पडून राहते आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. फिक्सपार्ट्स नावाचं फुकट टूल तेवढंच उरलंसुरलं काढतं, तुमच्या फायलींना हात लावत नाही (बॅकअप घ्या हे आलंच). पार्टिशन टेबलच उडालं असेल तर हरवलेले भाग शोधून देणारं टेस्टडिस्क आहे, तेही फुकटच. एवढं दुकानदारांना माहीत नसावं?

- एक वाचक, मिरज