शिफ्टिंगमध्ये जखमी झालेला मासा वाचू शकतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या मुंबई-ठाण्यात जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे, भाड्याने राहणारे तर अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की परत खोकी बांधायला लागतात, आणि या सगळ्या सामानात बऱ्याच घरांचा फिशटँकही असतो. फ्रिज, कपाट, टीव्ही सगळं नीट गुंडाळलं जातं पण टँकमधला दीड फुटी अरोवाना नाहीतर ऑस्कर मासा बादलीत घालून टेम्पोत चढवतात, तो वाटेत आपटतो, खरचटतो, आणि नव्या घरी आल्यावर थोड्याच दिवसांत मरतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, जाऊ दे, घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं. हे वाक्य इतक्या घरांत ऐकलंय की आता राहवत नाही म्हणून लिहितेय. संकट वगैरे काही नसतं हो, बिचारा बहुतेक वेळा अमोनियाने मरतो, आणि तो वाचवता येतो.

आमच्या सोसायटीत नवीन राहायला आलेल्या एका कुटुंबाचा सिल्व्हर अरोवाना असाच आला होता. एका कुशीवरचे अंगठ्याच्या नखाएवढे खवले निघालेले, खालचं गुलाबी मांस दिसत होतं, एक मिशी अर्धी तुटलेली आणि त्याच बाजूचा डोळा दुधाळ झालेला. अरोवाना म्हणजे कायम वरच्या पाण्यात फिरणारा मासा, तो तळाला टेकून होता. त्या घरच्या काकूंनी आशाच सोडली होती. दुकानातून निळं औषध, पिवळं औषध आणि टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल असं सगळं एकदम टाकायला सांगितलं होतं, नशीब की अजून टाकलं नव्हतं.

कारण जखम दिसते म्हणून आपण जखमेच्या मागे लागतो, आणि खरा धोका पाण्यात असतो. मासा श्वास घेतो तसा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकत असतो. जुन्या टँकच्या फिल्टरमध्ये, म्हणजे स्पंजमध्ये, सिरॅमिक रिंग्जवर जे बॅक्टेरिया असतात ते या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणून मासा जगतो. शिफ्टिंगच्या वेळी आपण काय करतो, तर टँक लख्ख घासतो, फिल्टर नळाखाली धरून धुतो, नळाच्या क्लोरीनने ते बॅक्टेरिया मरतात, आणि नव्या घरी चकचकीत टँकमध्ये मासा सोडतो. तिथे अमोनिया खाणारं कुणीच नसतं, ते बॅक्टेरिया परत तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात आणि मोठा मासा छोट्या माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतो. त्यात वरून निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू टाकलं की उरलेसुरले बॅक्टेरियाही जातात. जखमेने नसता मेला तो औषधाने मरतो.

म्हणून आम्ही आधी एकही औषध टाकलं नाही. टँकचा लाईट बंद, तीन बाजूंनी चादर, घरातल्या मुलांना काचेवर टकटक करायला सक्त मनाई. झाकणावर वजन ठेवलं, कारण घाबरलेला अरोवाना उडी मारतोच आणि दुसऱ्यांदा जमिनीवर पडला तर संपलंच. माझ्या टँकमधला एक जुना मळका स्पंज काढून त्यांच्या फिल्टरमध्ये घातला, म्हणजे तयार बॅक्टेरिया मिळाले (हे फक्त निरोगी टँकमधूनच घ्यावं, नाहीतर रोगही सोबत येतो). रोज साधारण पाव टँक पाणी बदललं, तेही अँटीक्लोरीन घालून आणि तापमान जुळवून, आणि अमोनियाची टेस्ट किट आणली जी ॲक्वेरियमच्या दुकानात सहज मिळते.

आणि मीठ. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सतत आत शिरत असतं आणि मासा ते बाहेर टाकत असतो. खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर गेला की ही गळती वाढते आणि माशाची सगळी ताकद त्यातच जाते. पाण्यात थोडं मीठ असलं की हा भार हलका होतो. साधं खडे मीठ, लिटरला १ ग्रॅमपासून सुरुवात, गरज पडली तर दोन-तीन दिवसांत हळूहळू ३ ग्रॅमपर्यंत, मगमध्ये विरघळवून मगच टँकमध्ये ओतायचं. पाणी बदलताना जेवढं काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घालायचं, कारण मीठ उडून जात नाही. कॅटफिशला मात्र मीठ सोसत नाही, तिथे जपून. काकूंना हळद लावायची होती, मी नको म्हटलं, त्यासाठी मासा परत पकडून बाहेर काढावा लागतो आणि त्या झटापटीत आणखी खवले जातात.

खाणं तर सुरुवातीला बंदच ठेवलं. सगळ्यात जास्त वाद यावरच झाला, उपाशी कसा ठेवायचा म्हणून. पण एवढा मोठा मासा आठवडाभर सहज उपाशी राहतो, आणि न खाल्लेला झिंगा टँकमध्ये सडला की परत अमोनिया. हळूहळू जखमेवर पातळ पांढुरकी कातडी धरली, डोळा निवळत गेला, मग एका संध्याकाळी तो वर आला आणि त्याने एक झिंगा उचलला. खवलेही नंतर आले, रंगाने थोडे वेगळे आहेत पण आहेत. मिशी अजून आखूड आहे.

जखमेवर कापसासारखं काही दिसलं, कडा लाल होऊन पसरायला लागल्या, किंवा अंगावरचे खवले उभे राहिले तर मात्र थांबू नये, तेव्हा औषध लागतं, पण तेही वेगळ्या टबमध्ये, मेन टँकमध्ये नाही.

जखम होऊच नये म्हणून शिफ्टिंगच्या आधी एक-दोन दिवस खाणं बंद करा, मोठ्या माशाला जाळीने उचलू नका, जाड पिशवीत नाहीतर टबमध्ये पाण्यासकट घ्या, झाकणाच्या ड्रममध्ये जुनंच पाणी आणि बॅटरीवरचा एअर पंप, आणि फिल्टरचा माल न धुता त्याच पाण्यात ओला ठेवा. नव्या घरी टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी असेल तर ते आधी तपासा.

आणि कृपा करून, नव्या घरात जागा नाही म्हणून मासा तलावात सोडू नका. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल लेकमध्ये ॲलिगेटर गार हा अमेरिकेतला मोठा शिकारी मासा सापडला, तो काही तिथून पोहत आला नव्हता.

खरी अडचण अशी आहे की रात्री मासा जखमी झाला तर विचारायचं कुणाला? कुत्र्या-मांजराचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, माशाचा डॉक्टर मला तरी अजून सापडलेला नाही. आपल्याकडे वर्सोव्याला १९६१ पासून मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे, रत्नागिरी, नागपूर, उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत. त्यांनी पाळीव माशांसाठी आठवड्यातून एक दिवस जरी फोनवर सल्ला दिला आणि मराठीत एक पानाचं माहितीपत्रक काढून ॲक्वेरियमच्या दुकानांत लावलं तर केवढं काम होईल. आपल्या वृत्तपत्राने हा विषय त्यांच्यापर्यंत पोचवावा ही विनंती.

– एक वाचक, ठाणे