टार्गेट सापडलं म्हणजे औषध सापडलं असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात "कॅन्सरचं मूळ सापडलं" टाइप हेडिंग अधूनमधून येतंच. माझी मावशी ते कात्रण कापून चार घड्या घालून चष्म्याच्या केसमध्ये ठेवते आणि फॉलोअपला गेली की डॉक्टरांच्या टेबलावर उलगडते. ते बिचारे वाचून परत देतात. मग घरी येऊन मला, तू सायन्सवाली ना, कधी येणार गं हे औषध?

अहो त्या बातमीत औषध नसतंच! असतं ते टार्गेट, म्हणजे पेशीतलं एखादं प्रोटीन, जे बंद पाडलं तर गाठ वाढायची थांबेल असा अंदाज. तो कसा फसतो बघा. मेल्क नावाचं प्रोटीन बऱ्याच ट्यूमरमध्ये जास्त दिसतं, ते कमी केलं की पेशी मरतात असे रिसर्च पेपर निघाले, त्यावर औषध बनलं, पेशंटवर ट्रायलपण सुरू झाल्या. मग 2017 ला अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर या संशोधन संस्थेतल्या जेसन शेल्टझरच्या लॅबने क्रिस्परने, म्हणजे जीन कापायच्या तंत्राने, मेल्क बनवणारा जीनच निकामी केला तर पेशी मजेत वाढतायत, आणि त्याच पेशींवर औषध टाकलं तर मरतायत. म्हणजे औषध काम करतंय, पण भलत्याच ठिकाणी. 2019 ला त्यांनी सहा टार्गेटवरची दहा औषधं अशीच तपासली, सगळ्यांची तीच गत. त्यातल्या ओटीएस964 चं खरं टार्गेट सीडीके11 नावाचं दुसरंच प्रोटीन निघालं, कसं तर औषधाला दाद न देणाऱ्या पेशी वाढवल्या आणि त्यांच्यात नेमकं काय बदललंय ते शोधलं.

कोणी म्हणेल पेशी मेल्या ना, मग कशाला कीस पाडायचा? पण औषध कुठल्या पेशंटला द्यायचं हे टार्गेट बघूनच ठरवतात ना, तेच चुकीचं असेल तर पेशंटही चुकीचे निवडले जाणार.

बरं, टार्गेट खरं असलं तरी वेळ लागतोच. एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरमधला फिलाडेल्फिया क्रोमोसोम, म्हणजे पेशीतला एक बिघडलेला क्रोमोसोम, 1960 ला दिसला, त्याच्यामुळे बनणाऱ्या प्रोटीनवरचं इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं 2001 ला.

एवढंच करा, प्रयोग डिशमधल्या पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर हे हेडिंगमध्येच टाका, शेवटच्या ओळीत नको. शेवटची ओळ मावशीच्या कात्रीत कापली जाते. सध्या केसमध्ये तीन कात्रणं आहेत, त्यातली दोन उंदरांची.

– एक वाचक, नाशिक